झेपतं किती, ते मोजून पाहा : दुचाकीस्वारांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आल्यामुळे या वेळी घाटरस्त्यांबद्दलची पत्रं जास्त आली. काही प्रश्न एकसारखे होते. त्यांतला एकेकच निवडला आहे.

वय २३. चार वर्षं १२५ सीसीची गाडी चालवली. दोन महिन्यांपूर्वी ४०० सीसीच्या आसपासची बाईक घेतली. हायवेला ती सहज १२० ला जाते आणि मला भीती वाटत नाही. घरचे मात्र म्हणतात, झेपेल तेवढंच कर. आपल्याला किती झेपतं हे ओळखायचं कसं? (नाशिक)

भीती वाटत नाही म्हणजे झेपतं, असं धरू नका. सरळ रस्त्यावर १२० ला जाण्यात तुमचं कौशल्य फारसं लागत नाही, ते काम इंजिन करतं. तुमची कसोटी लागते ती थांबताना आणि वळताना. आणि या दोन्ही गोष्टी मोजता येतात.

आधी हिशेब बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर काहीतरी आलं हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत जागरूक माणसालाही एक सेकंद लागतो. ते १७ मीटर असेच जातात. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावला तर पुढे साधारण २३ मीटर लागतात. एकूण ४०. ताशी ८० ला हाच आकडा २२ अधिक ४१, म्हणजे ६३ मीटर. १०० ला ९० च्या वर. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, म्हणून आकडे असे उड्या मारतात. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या : ६० ची गाडी ज्या जागी येऊन पूर्ण थांबली, त्याच जागी ८० ने आलेली गाडी अजून ६० च्या वेगात असते. वीसचा फरक हा असा पडतो.

आता स्वतःला मोजा. रविवारी पहाटे एखादं मोकळं, डांबरी किंवा काँक्रीटचं मैदान गाठा. वाळू-खडी नको, पोरं खेळत नकोत. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट घालूनच. पाण्याची एक बाटली खूण म्हणून ठेवा. ताशी ३० चा वेग स्थिर धरून या आणि पुढचं चाक बाटलीजवळ आलं की दोन्ही ब्रेक लावा. क्लच अगदी शेवटी दाबायचा. थांबल्यावर डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, गिअर पहिला. मग बाटलीपासून पावलं मोजा. मोठ्या माणसाचं एक पाऊल पाऊण मीटर धरलं, तर ३० ला आठ पावलं, ४० ला चौदा, ५० ला एकवीस-बावीस हे चांगलं थांबणं. प्रत्येक वेगाला दहा-दहा वेळा करा. दहांपैकी सर्वांत वाईट आकडा तुमचा, सर्वांत चांगला नव्हे. रस्त्यावर कुत्रं आडवं येतं तेव्हा सरावाला दुसरी संधी मिळत नसते. ५० ला तुम्हाला तीस पावलं लागत असतील तर हायवेवरच्या १२० चा विषय सध्या बाजूला ठेवा. पावलं कमी होईपर्यंत दर आठवड्याला अर्धा तास द्या, महिन्याभरात स्पष्ट फरक पडतो.

दुसरी परीक्षा हळू वेगाची. सात मीटर रुंदीत, म्हणजे साधारण दोन लेनच्या रस्त्यात, पाय न टेकवता यू-टर्न घ्या, दोन्ही बाजूंनी. क्लच अर्धा, रेस स्थिर, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर चाकाकडे नाही तर जिथे जायचं तिथे. उजवीकडचं वळण बहुतेकांना अवघड जातं, कारण गाडी कलली तर टेकवायला उजवा पाय लागतो आणि तो तर ब्रेकवर असतो.

१२५ सीसीच्या गाडीची ताकद दहा-अकरा अश्वशक्ती असते, तुमच्या गाडीची चाळीसच्या आसपास. जुन्या गाडीवर मनगट जेवढं पिळायची सवय आहे तेवढं इथे पिळलं तर दोन वाहनांमधलं अंतर डोळ्यांदेखत संपतं. पहिले दोन हजार किलोमीटर ८० च्या वर जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यानंतरही एकच नियम धरा : समोर जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात थांबता यायला हवं. वळण, चढाचा माथा, उभी एसटी, धुकं यांनी दिसणारा रस्ता कमी केला की वेगही त्याच क्षणी कमी करायचा.

बाबा म्हणतात, पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मी कायम मागचाच वापरते. बरोबर आहे का? (पुणे)

बाबांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण तो तुम्हाला धोक्यात टाकतो. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे सरकतं. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. हलक्या चाकाला पकड नसते, म्हणून नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक अडकतं, गाडी शेपूट हलवते आणि थांबायला जवळजवळ दुप्पट जागा घेते. कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं सत्तर टक्के किंवा जास्त काम पुढचाच ब्रेक करतो.

माणूस पडतो तो पुढचा ब्रेक वापरल्यामुळे नाही, तो झटक्यात आवळल्यामुळे. वजन पुढच्या चाकावर यायला अर्धा सेकंद तरी लागतो. त्याआधीच लिव्हर पूर्ण आवळली तर हलक्या टायरवर पूर्ण ब्रेक येतो आणि चाक घसरतं. म्हणून दोन टप्पे करा. आधी हलकेच दाबा, पुढचे शॉकअप बसू द्या. ते बसले की दाब वाढवत न्या, लिंबू पिळतो तसा. गाडी सरळ हवी, हँडल सरळ हवं. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येणार नाही.

वाळू, ओला रंगवलेला पट्टा, चिखल किंवा कललेली गाडी, या चार ठिकाणी पुढचा ब्रेक अगदी हलका.

एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर घट्ट दाबून धरा. लिव्हर थरथरते, ते बिघाडाचं लक्षण नाही, पंप काम करत असतो. अनेकजण घाबरून नेमका तेव्हाच ब्रेक सोडतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १२५ पर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडणी. अनेक गाड्यांचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तरीही अडकू शकतं. तुमच्या गाडीचं कुठलं आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. एबीएस नसेल आणि पुढचं चाक अडकल्याचं जाणवलं तर तत्क्षणी सोडायचं आणि पुन्हा हळू दाबायचं.

आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागते. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच भरायचं.

ताम्हिणी घाटात माझी गाडी वळणावर बाहेर जाते, कधीकधी मधली रेघ ओलांडून. वेग चाळीस-पन्नासच असतो. पावसात जाऊ का? (पिंपरी)

जी गाडी कोरड्यात लेनमध्ये राहत नाही, ती पावसात नेऊ नका. आधी दुरुस्ती करू. दोष बहुधा वळणाच्या आधीचा आहे.

'पन्नासच' म्हणालात, त्याचा हिशेब बघा. वीस मीटर त्रिज्येच्या हेअरपिनवर, म्हणजे जवळपास उलट फिरणाऱ्या वळणावर, ताशी ३० ला गाडी सुमारे २० अंश कलावी लागते, ४० ला ३२ अंश आणि ५० ला जवळपास ४५. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचं पाय ठेवायचं फूटपेग पंचेचाळीसच्या आधीच रस्त्याला घासतं. म्हणजे त्या वळणात ५० ला गाडी बाहेर जाणारच, चालवणारा कोणीही असो. तीस आणि पन्नास हे शहरात सारखेच वाटतात, घाटात नाही.

क्रम असा ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गिअरही आधीच, हेअरपिनला दुसरा, चढ फार असेल तर पहिला. मग हनुवटी वळवून वळणाच्या टोकाकडे बघायचं. मग वळण्याच्या बाजूचं हँडल पुढे हलकं ढकलायचं. डावीकडे जायचं तर डाव्या हाताने डावं हँडल पुढे. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या गाडीवर असंच होतं आणि नकळत तुम्हीही तेच करत असता. आता ते जाणून करा. पूर्ण वळणभर रेस अगदी हलकी पण चालू ठेवायची. मध्येच सोडली तर वजन पुढे येऊन गाडीचा तोल बदलतो.

वेग जास्त झालाय हे वळणात शिरल्यावर कळलं तर? बहुतेक जण दरीच्या कठड्याकडे किंवा समोरच्या ट्रककडे बघत राहतात, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. नजर ओढून बाहेर पडायच्या जागेकडे न्या, हँडल आणखी ढकला, गाडी आणखी कलवा. कोरड्या रस्त्यावर गाडीकडे अजून थोडी जागा शिल्लक असते, आपलाच धीर आधी सुटतो. पुढचा ब्रेक आवळलात तर ती उभी राहते आणि सरळ पलीकडच्या लेनमध्ये जाते.

उजव्या वळणाची एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. टायर मधल्या रेघेच्या आत असले तरी गाडी उजवीकडे कलल्यावर तुमचं डोकं आणि खांदा रेघेच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत असतो. म्हणून उजव्या वळणावर रेघेपासून निदान एक मीटर डावीकडे राहा.

पावसात हेच सगळं, पण वेग आणखी दहाने कमी आणि समोरच्या वाहनापासूनचं अंतर दुप्पट. ओल्या रस्त्यावर ६० ला थांबायला ४० ऐवजी ५० मीटरच्या वर लागतात. पहिल्या सरींचा अर्धा तास सर्वांत वाईट, महिनोनमहिने साचलेलं तेल, रबर आणि धूळ यांचा साबणासारखा थर होतो. पुढे तो धुऊन जातो. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडावरच्या पट्ट्या हे सगळं गाडी सरळ ठेवून ओलांडायचं. भातलावणीच्या दिवसांत मुळशी-माणगाव बाजूला ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात आणि वळणावर चिखल सोडून जातात. साचलेल्या पाण्यात खड्डा केवढा ते दिसत नाही. पुढचं वाहन कसं जातंय ते बघून मग जा. वाहत्या पाण्याखाली गेलेला फरशी पूल मात्र ओलांडायचा नाही, पाणी कितीही कमी वाटो.

धुकं आलं तर डिप्पर लाइट ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची, हा शिष्टाचार आहे तसाच नियमही आहे.

घाट उतरताना इंजिन बंद करून न्यूट्रलला गाडी सोडतो, पेट्रोल वाचतं. यात काही वाईट? (कराड)

बरंच. इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक दोन-तीन किलोमीटर सतत लागला की तापतो, जळका वास येतो आणि दाबूनही धरत नाही. शिवाय अचानक बाजू काढायची वेळ आली तर हातात ताकद नसते. आणि पेट्रोलही वाचत नाही. २०२० नंतरच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा.

रात्री दहानंतर कारखान्यातून सांगलीहून गावी परत येतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. काय काळजी घ्यावी? (वाळवा तालुका)

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात दुचाकीस्वारासाठी यापेक्षा मोठा धोका क्वचित दुसरा असेल. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी वीसने चाललेला असतो. मागे दिवा नसतो, असला तर चिखलाने झाकलेला. ऊस ट्रॉलीच्या बाहेर मागे आणि बाजूला लोंबत असतो, तो हेल्मेटच्या उंचीवर येतो.

तुमचा डिप्पर साधारण चाळीस मीटर रस्ता दाखवतो. वर दिलेला हिशेब आठवा : ६० ला थांबायला बरोब्बर चाळीस मीटर लागतात. म्हणजे ६० ला एक चूकही खपत नाही. ५० ला तीस मीटर लागतात, दहा मीटर हाताशी उरतात. तेव्हा अंधाऱ्या रस्त्यावर ५० ही तुमची मर्यादा. थकला असाल तर ४५. समोरून अप्पर लाइट मारत गाडी आली तर वेग आणखी कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवा. उजेड गेल्यावर काही सेकंद काहीच नीट दिसत नाही, आणि बंद पडलेली ट्रॉली नेमकी तिथेच उभी असते.

ओव्हरटेकचं गणितही करून ठेवा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-अठरा मीटर. पुढे-मागे मोकळी जागा धरली की वीसच्या ट्रॅक्टरला पन्नासने ओलांडायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही सत्तर मीटर जाता आणि समोरून साठने येणारा ऐंशीच्या वर. दीडशे मीटरहून बराच जास्त रिकामा रस्ता दिसत असेल तरच निघा. रात्री समोरचा एकच दिवा म्हणजे दुचाकीच, असं समजू नका, ती एक दिवा गेलेली जीपही असते.

हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला, रात्री प्रत्येक ओरखडा चमकतो. गडद काच रात्री नकोच. मागच्या मडगार्डवर आणि हेल्मेटच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा.

ग्रुपबरोबर राइडला जातो. सगळे माझ्यापेक्षा तरबेज आहेत. मागे पडायची लाज वाटते म्हणून ओढून नेतो. (छत्रपती संभाजीनगर)

हे लिहिलंत हे फार बरं केलं. ग्रुपमधले बरेच अपघात शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या गाडीचे असतात, आणि कारण हेच. पुढची गाडी दोन सेकंद उशिरा निघाली की तेवढं अंतर भरून काढायला मागच्यांना जास्त पळावं लागतं. पुढचा ७० ने जात असतो तेव्हा शेवटचा ९० ला असतो.

चांगल्या ग्रुपची पद्धत अशी असते. पुढे रस्ता माहीत असलेला, त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर सर्वांत नवखा, आणि अगदी शेवटी अनुभवी माणूस, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. वेग नवख्याचा. सरळ रस्त्यावर एक गाडी लेनच्या डाव्या भागात, पुढची उजव्या भागात. समोर त्याच रेषेत असलेल्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. घाटात ही रचना मोडून एकामागे एक. ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा, 'ये ये' म्हणून हात दाखवायचा नाही. रस्ता फुटतो तिथे दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीने थांबायचं, शेवटचा माणूस दिसेपर्यंत. एवढं ठरलं की कोणी चुकत नाही आणि कोणाला पळावं लागत नाही.

निघण्यापूर्वीच सांगा, 'मी घाटात चाळीसने येतो, वर चहाला भेटू.' यावर हसणारा ग्रुप असेल तर तो सोडा.

गणपतीला मुंबईहून कुडाळला बाईकने जायचं आहे, साडेचारशेच्या पुढे अंतर आहे. रात्री निघून सकाळी पोचावं असं वाटतं. (डोंबिवली)

रात्री निघू नका. पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच, दिवसा झोप काढली असली तरी. डोळे उघडे ठेवूनही मेंदू दोन-तीन सेकंद झोपतो. साठच्या वेगात तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर कोणीच गाडी चालवत नसतं. गाणी लावून, तोंडावर पाणी मारून हे टळत नाही. जांभया, मान दुखणं, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं, एकाच वेगात न राहणं, ही लक्षणं आली की गाडी बाजूला घ्यायची आणि वीस मिनिटं खरोखर झोपायचं.

पहाटे पाचला निघा. दर दीड तासाने पंधरा मिनिटं उतरा, पाणी प्या. तहान लागेपर्यंत थांबू नका, वाऱ्यात घाम कळत नाही. दुपारी जेवण हलकं, आणि दोन ते चार पुन्हा सुस्तीची वेळ. गणपतीच्या गर्दीत सरासरी ताशी चाळीसच धरा, म्हणजे विश्रांतीसह तेरा-चौदा तास होतात. रोज तीस किलोमीटर चालवणाऱ्याने एका दिवसात अडीचशे-तीनशेच्या पुढे जाऊ नये. त्यामुळे चिपळूणला मुक्काम करणं उत्तम, निम्म्याहून थोडं जास्त अंतर तिथे होतं. सर्दीची गोळी घेतली असेल तर त्यात सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन आहे का पाहा. दोन्हींनी झोप येते.

सामान मागच्या चाकाच्या पुढे आणि खाली बांधा. कॅरिअरवर उंच बांधलेली बॅग वळणात गाडीला ओढते. मागच्या टायरची हवा वजनाप्रमाणे वाढवा. आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा. हवा टायर थंड असताना भरायची.

वय ६२. तीस वर्षं बुलेट चालवली. मुलं म्हणतात, आता सोडा. मी सोडू का? (सातारा)

काका, वयाच्या आकड्यावरून सोडू नका आणि हट्टाने धरूनही ठेवू नका. चार गोष्टी तपासा. डोळे : डॉक्टरांना मुद्दाम सांगा की मी रात्री दुचाकी चालवतो, मोतीबिंदूची सुरुवात आधी समोरच्या दिव्यांच्या चकाकीत जाणवते. मान : सीटवर बसून खांद्यावरून मागे पाहता येतं का? नुसत्या आरशावर भागत नाही. पाय : तुमच्या गाडीचं वजन १९० किलोच्या आसपास आहे, उतारावर ती मागे ढकलता येते का, कलली तर सावरता येते का? आणि ब्रेकची बाटली-परीक्षा, पहिल्या उत्तरात दिलेली. शिवाय साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्कर, हात कापणं याबद्दल डॉक्टरांशी बोला. उपाशीपोटी गाडी काढू नका.

यातलं एखादं जमत नसेल तर सगळंच सोडायची गरज नाही. रात्र सोडा, पाऊस सोडा, डबलसीट सोडा. किंवा गाडी बदला : ११०-११५ किलोची शंभर सीसीची गाडी चालवण्यात कमीपणा काहीच नाही, आणि तीस वर्षांचा रस्त्याचा अंदाज तिच्यावरही तेवढाच कामाला येतो. वळताना समोरच्याचा वेग ओळखण्यात चूक होऊ लागली, मागून हॉर्न जास्त वाजू लागले, गाडीला नवे ओरखडे दिसू लागले, तर मात्र मुलांचं ऐका.

मी साडी नेसून मागे बसते, मध्ये पाच वर्षांची मुलगी. हे फार जोरात चालवतात, सांगितलं तर चिडतात. (जालना)

ताई, आधी पदर. पदर आणि ओढणी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊन बायका रस्त्यावर खेचल्या जातात. पदर पुढे घेऊन कमरेला खोचा. मागच्या चाकाचं निम्मं तरी झाकणारी जाळी नियमाने लागते. काढून टाकली असेल तर पुन्हा बसवून घ्या. एका बाजूला बसलात तर पावलं पट्टीवर घट्ट आणि हात कडीला. दोन्हीकडे पाय टाकून बसणं कितीतरी सुरक्षित, त्यासाठी प्रवासापुरता सलवार-कुर्ता घालता आला तर बघा. चार वर्षांवरच्या मुलीला हेल्मेट कायद्यानेही लागतं, तिच्या डोक्याच्या मापाचं.

खरं तर दुचाकी दोघांसाठीच आहे. तिघं बसलात की ब्रेक त्याच गाडीचे, वजन मात्र जास्त, थांबायला जागाही जास्त. यांच्याशी गाडीवर बसून बोलू नका, घरी बोला, आणि नेमका आकडा सांगा : 'डबलसीटला पन्नासच्या वर मी बसणार नाही.' 'हळू चालवा' या शब्दाला अर्थ ज्याचा त्याचा असतो, पन्नासला एकच असतो. आणि हे वाचून दाखवा : मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, ब्रेक हातात नाही. निर्णय सगळे पुढच्याचे असतात, म्हणून वेग मागे बसणाऱ्याला झेपेल एवढाच ठेवायचा.

मुलगा सोळा वर्षांचा. क्लास लांब आहे. गाडी द्यावी का? (लातूर)

नाही. गिअरच्या गाडीचा परवाना अठराला मिळतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सायकल द्या, ब्रेक आणि वळणाचा अंदाज तिच्यावरही येतो.

हेल्मेट हातातून फरशीवर पडलं. वरून काही दिसत नाही. वापरू का? माप कसं बघायचं? (फोंडा, गोवा)

रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून पडलं आणि कवचाला तडा नसेल तर चालेल. पण डोकं आत असताना एकदा आपटलं असेल तर ते संपलं. आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून ते कळत नाही.

मापासाठी भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती टेप गुंडाळा, सेंटिमीटरमधला आकडा हेच माप. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा. मग मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे ओढून बघा. डोक्यावरून निघालं तर लहान माप घ्या. आयएसआय खुणेसोबत आयएस ४१५१ हा क्रमांक असतो. नवं हेल्मेट पहिले काही दिवस घट्ट वाटतं, आतली गादी नंतर बसते. त्यामुळे दुकानातच सैल वाटणारं घेऊ नका.